वाईट बातमीचा प्रवास

२०२१ च्या एप्रिल महिन्यातला तिसरा आठवडा होता. माझ्या सेवानिवृत्तीला जेमतेम तीन महिने उरले होते. एका संध्याकाळी मला एका जिल्ह्यातून दूरध्वनी आला. राज्याचे नाव सांगत नाही. ते सांगितल्याने या लेखाचा मुद्दा बदलत नाही. करोनाविषयक रोजचे राज्यस्तरीय पत्रक तयार करण्याची जबाबदारी तेव्हा माझ्याकडे होती. सायंकाळी सहापर्यंत जिल्ह्यांचे तक्ते येत, त्यांची जुळवणी होई आणि आठच्या सुमारास ते पत्रक प्रसारमाध्यमांकडे व दिल्लीकडे रवाना होई. दूरध्वनी करणाऱ्या अधिकारी महिलेला सेवेत येऊन पाच वर्षेही झाली नव्हती. त्या म्हणाल्या, ‘‘सर, तक्त्यात आजचे मृत्यू एक आकडी आहेत. मी दुपारी शहरातल्या दोन्ही स्मशानभूमींत जाऊन नोंदवह्या पाहून आले. करोनाचे नियम पाळून झालेले अंत्यसंस्कार त्याच्या कितीतरी पट आहेत. कोणता आकडा पाठवू?’’

मी म्हणालो, ‘‘मृत्यू परीक्षण समितीने जेवढे ठरवले आहेत, तेवढेच पाठवा.’’

त्या क्षणभर थांबल्या. मग ‘‘ठीक आहे, सर’’ म्हणून त्यांनी फोन ठेवला. नियमाप्रमाणे माझे उत्तर बिनचूक होते. कोणत्याही चौकशी समितीपुढे ते टिकले असते. अडचण इतकीच होती, की त्या आठवड्यात जिल्ह्याजिल्ह्यांना प्राणवायूचे वाटप याच तक्त्यातील गंभीर रुग्ण आणि मृत्यू या रकान्यांकडे पाहून होत होते. जो जिल्हा कागदावर शांत दिसे, त्याच्या वाट्याला शांत जिल्ह्यापुरताच टँकर येई. पुढच्या आठ-दहा दिवसांत त्या जिल्ह्यात काय झाले, ते मी नंतर ऐकले. ते ऐकण्याची जागा माझ्या खुर्चीपासून फक्त एका फोनच्या अंतरावर होती, आणि तो फोन मला आधीच येऊन गेला होता.

महासाथीच्या काळातील प्रशासकीय नेतृत्वाविषयी गेल्या काही वर्षांत पुष्कळ लिहिले गेले. अधिकाऱ्यांची आत्मकथने आली, जिल्ह्याजिल्ह्यांची ‘प्रारूपे’ गाजली, परिसंवाद झाले. या साऱ्यात धडाडी, निर्णयक्षमता, तंत्रज्ञान हे शब्द वारंवार भेटतात. माझा प्रश्न त्या मानाने साधा आहे. खालून निघालेली वाईट बातमी वर कुठपर्यंत पोहोचते, आणि वाटेत तिला कोण थांबवते? इतिहासाचा विद्यार्थी म्हणून आणि पस्तीस वर्षे सरकारी खुर्चीवर बसलेला माणूस म्हणून मला वाटते, की साथीच्या काळातले बाकीचे सारे गुण या एका प्रश्नाच्या उत्तरावर उभे असतात.

सव्वाशे वर्षांपूर्वीच्या मुंबईकडे पाहू. २३ सप्टेंबर १८९६ रोजी मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस या गोमंतकीय डॉक्टरांनी एका रुग्णाला ग्रंथिक सन्निपाताचा, म्हणजे प्लेगचा, ताप असल्याचे ओळखले. ते महापालिकेचे सदस्यही होते आणि त्यांनी ही गोष्ट तिथे उघडपणे मांडली. त्यांचे अभिनंदन झाले नाही. अधिकृत भाषेत काही काळ ‘संशयास्पद ताप’ असे शब्द वापरले जात राहिले. मुंबई हे बंदर होते. प्लेग हा शब्द उच्चारला की युरोपातील बंदरे तिच्या जहाजांना दारे बंद करणार, हे प्रत्येक व्यापाऱ्याला आणि प्रत्येक अधिकाऱ्याला ठाऊक होते. आजाराला त्याच्या खऱ्या नावाने हाक मारायची की नाही, हा प्रश्न पहिल्या दिवसापासून वैद्यकाचा नव्हता.

नाव मान्य झाल्यावर मग दुसरे टोक गाठले गेले. ऑक्टोबरच्या सुरुवातीला महापालिका आयुक्त पी. सी. एच. स्नो यांनी रुग्णांना सक्तीने रुग्णालयात हलवण्याचे अधिकार घेतले. महिनाअखेरीस गिरणी कामगारांच्या जमावाने आर्थर रोडवरील रुग्णालयावर हल्ला केला, आणि स्नो यांनी सक्ती सैल केली. इतिहासाच्या पुस्तकांत याची नोंद बहुधा ‘माघार’ अशी होते. मला मात्र त्यामागचे कारण लक्षणीय वाटते. स्नो यांना खरी भीती दंगलीची नव्हती. त्या काळी ज्यांना हलालखोर म्हणत, ते मैला वाहणारे आणि सफाई करणारे कामगार शहर सोडून गेले तर काय, ही ती भीती होती. ते गेले असते तर मुंबई काही दिवसांत राहण्यालायक उरली नसती. आयुक्ताच्या सहीमागे उभे असलेले बळ कोणाचे आहे, हे त्या गृहस्थांना त्या आठवड्यात कळले.

त्यानंतर ४ फेब्रुवारी १८९७ चा साथरोग कायदा आला आणि त्यानंतर पुण्यात रँड आले. मराठी वाचकांना तो इतिहास सांगण्याचे धाडस मी करणार नाही. गणेशखिंडीच्या रस्त्यावर २२ जूनच्या रात्री काय घडले, ते महाराष्ट्रातील शाळकरी मुलांनाही पाठ असते. मला त्यातील एकाच गोष्टीकडे लक्ष वेधायचे आहे. सैनिक घरात घुसू लागताच लोक रोगी लपवू लागले, मृतदेह लपवू लागले. म्हणजे ज्या माहितीसाठी एवढी फौज उतरवली, तीच माहिती फौजेमुळे आटली. मुंबईत ब्रिगेडियर जनरल गॅटेकर यांच्या समितीने, सक्ती न सोडताही, निरनिराळ्या जातीजमातींना आपापली रुग्णालये उभारू दिली आणि त्यांच्या म्होरक्यांशी बोलणे चालू ठेवले. दोन्ही ठिकाणी कायदा एकच होता. पुढे १८९८ ते १९०० या काळात मुंबई आणि कानपूरच्या दंगलींनंतर सरकारनेच सक्तीचे धोरण बरेचसे सोडून दिले.

चार कलमांचा तो कायदा आम्ही २०२० मध्ये तसाच कपाटातून काढला. त्यात सरकारला जे वाटेल ते करण्याचे अधिकार आहेत, आणि सद्हेतूने केलेल्या कृतीबद्दल अधिकाऱ्यावर दावा चालणार नाही असे संरक्षणही आहे. एप्रिल २०२० मधील वटहुकमाने त्यात आरोग्य कर्मचाऱ्यांवरील हल्ल्यांसाठी कडक शिक्षेची भर घातली; ते योग्यच झाले. पण सरकारने लोकांना काय सांगितले पाहिजे, कधी सांगितले पाहिजे, याविषयी त्यात १८९७ मध्ये एक ओळ नव्हती आणि आजही नाही. सद्हेतूने दार तोडणाऱ्याला संरक्षण आहे. सद्हेतूने खरा आकडा सांगणाऱ्याला ते मिळेल का, हे मला माझ्या सेवेच्या शेवटच्या दिवसापर्यंत कुणी सांगू शकले नाही.

उलट अनुभवही मला आहे, आणि तो आधीचा आहे, म्हणून २०२१ ची ती संध्याकाळ अधिक बोचते. १९८८ च्या पावसाळ्यात मी पूर्व भारतातील एका आदिवासी उपविभागात, महाराष्ट्रात ज्याला प्रांत म्हणतात त्या पदावर, नवखा अधिकारी होतो. नाल्याकाठच्या तीन-चार वस्त्यांत जुलाब-उलट्यांनी माणसे दगावू लागली. आरोग्य केंद्रातील डॉक्टर खासगीत ‘कॉलरा’ म्हणत आणि कागदावर ‘गॅस्ट्रो’ लिहीत. आपल्या देशात हा रिवाज जुना आहे. कॉलरा म्हटले की विधानसभेत प्रश्न विचारला जातो. गॅस्ट्रो म्हटले की दोष शिळ्या अन्नावर जातो. मीही अहवालात गॅस्ट्रो लिहिले आणि जिल्हाधिकाऱ्यांकडे घेऊन गेलो. त्यांनी तो वाचला, चष्मा काढला आणि विचारले, ‘‘तुम्हाला काय वाटते, काय आहे?’’ मी म्हणालो, ‘‘सर, कॉलरा.’’ ते म्हणाले, ‘‘मग कॉलरा लिहा. खाली मी सही करतो.’’

दोन दिवसांत सलाइनच्या बाटल्या, ब्लीचिंग पावडर आणि शेजारच्या जिल्ह्यातून दोन डॉक्टर आले. आठव्या दिवशी विधानसभेत प्रश्नही आला. त्याचे उत्तर जिल्हाधिकाऱ्यांनी स्वतः लिहून पाठवले. पुढच्या वर्षी त्यांची बदली एका दुय्यम महामंडळात झाली. या दोन घटनांत कार्यकारणसंबंध होता असे मी छातीठोकपणे सांगू शकत नाही. आम्हा तरुण अधिकाऱ्यांनी मात्र तो जोडला आणि मनात ठेवला. सरकारी सेवेत माणसे परिपत्रकांतून शिकत नाहीत. वरिष्ठांपैकी कोणाचे काय झाले, यावरून शिकतात.

सुरतेचे उदाहरण याच संदर्भात मला महत्त्वाचे वाटते. सप्टेंबर १९९४ मध्ये तिथे फुप्फुसाच्या प्लेगची बातमी फुटली आणि काही दिवसांत लाखो माणसे रेल्वेने, ट्रकने, मिळेल त्या वाहनाने शहर सोडून गेली. अनेक खासगी डॉक्टरांनीही दवाखाने बंद केले. अधिकृत नोंदीनुसार मृत्यू साठच्या आत होते. पण त्या आठवड्यात सुरतेत हजारो मेल्याच्या वार्ता फिरत होत्या, आणि लोकांनी सरकारी आकड्याऐवजी वार्तेवर विश्वास ठेवला. तसे करण्याची कारणे त्यांच्यापाशी होती. तापीच्या पुरानंतरचा चिखल, कुजलेली जनावरे आणि साचलेला कचरा त्यांच्या दारात होता आणि महापालिकेच्या कागदात तो नव्हता.

मे १९९५ मध्ये एस. आर. राव आयुक्त म्हणून आले. त्यांच्याविषयी सांगताना लोक कठोरपणाचे, अतिक्रमणे पाडल्याचे किस्से सांगतात. माझ्या मते त्यांचे खरे काम वेगळे होते. त्यांनी शहर सहा विभागांत वाटले, प्रत्येक विभागप्रमुखाला आर्थिक व प्रशासकीय अधिकार खरोखर देऊन टाकले, आणि वरिष्ठ अधिकाऱ्यांना सकाळचे तास वातानुकूलित खोलीऐवजी रस्त्यावर घालवायला लावले. दुपारी सगळे एकत्र बसत. रुग्णालयांतून आणि खासगी डॉक्टरांकडून तापाच्या रुग्णांची माहिती रोज गोळा होऊ लागली. जो अधिकारी सकाळी गल्लीत उभा होता, त्याला दुपारी गल्लीविषयी खोटे बोलता येत नाही, कारण शेजारच्या खुर्चीवरचा माणूसही तिथे जाऊन आलेला असतो. १९९६ मध्ये ‘इंटॅक’ या संस्थेने सुरतेला चंडीगडखालोखाल देशातले सर्वांत स्वच्छ शहर ठरवले. अधिकारी तेच होते, कर्मचारी तेच होते. बातमीचा रस्ता तेवढा मोकळा झाला होता.

आता करोनाकाळाकडे येतो. २४ मार्च २०२० च्या रात्री आठ वाजता टाळेबंदी जाहीर झाली आणि चार तासांनी ती लागू झाली. त्या निर्णयाच्या गरजेविषयी मतभेद असू शकतात. मलाही तेव्हा तो अटळ वाटला होता. पण शहरांत हातावर पोट असलेले किती लोक आहेत, ते कुठले आहेत, काम थांबल्यावर किती दिवस तग धरतील, याची माहिती खालच्या यंत्रणेकडे विखुरलेली होती आणि ती कुणी मागितली नव्हती. ज्या तलाठ्याला, रेशन दुकानदाराला, पोलीस ठाण्याच्या हवालदाराला हे सांगता आले असते, त्याच्यापर्यंत निर्णय पोहोचला तो दूरचित्रवाणीवरून. सप्टेंबरमध्ये संसदेत विचारणा झाली तेव्हा कामगार मंत्रालयाने उत्तर दिले, की स्थलांतरित मजुरांच्या मृत्यूंची आकडेवारी उपलब्ध नाही. जुलै २०२१ मध्ये राज्यसभेत आणखी एक उत्तर आले: प्राणवायूअभावी झालेले मृत्यू राज्यांनी स्वतंत्रपणे कळवलेले नाहीत. दोन्ही उत्तरे तांत्रिकदृष्ट्या खरी असतील. मी स्वतः तशा शेकडो उत्तरांचे मसुदे केले आहेत. ज्या तक्त्यात रकानाच नसतो, त्या रकान्यात कुणी काही भरत नाही.

याच काळात काही ठिकाणी वेगळे घडले, तेही सांगायला हवे. राजस्थानात भिलवाडा येथे मार्च २०२० मध्ये एका खासगी रुग्णालयातील डॉक्टर व कर्मचाऱ्यांनाच लागण झाल्याचे दिसले. ही बातमी दाबून ठेवण्याचे सगळे मोह तिथे हजर होते. जिल्हाधिकारी राजेंद्र भट्ट, जे राज्य सेवेतून बढतीने भारतीय प्रशासन सेवेत आले होते, त्यांनी ताबडतोब संचारबंदी लावली आणि घरोघर पाहणी सुरू केली. लाखो लोकांची तपासणी झाली. ‘भिलवाडा प्रारूप’ म्हणून पुढे गाजले ते कडक बंदोबस्तासाठी. पण बंदोबस्त तर सगळीकडेच होता. तिथे आधी कबुली होती. ओडिशाने एप्रिल २०२० मध्ये सरपंचांना त्यांच्या गावापुरते जिल्हाधिकाऱ्याचे अधिकार दिले, तेव्हा आमच्यातील काही जणांनी नाके मुरडली होती. परतणाऱ्या मजुरांना गावाबाहेरच्या शाळेत चौदा दिवस ठेवायचे, तर त्यांची नावे-गावे सरपंचाला ठाऊक असतात, आम्हाला नसतात, एवढे साधे व्यवहारज्ञान त्यात होते. देशभरच्या सुमारे १० लाख आशा कार्यकर्त्यांविषयीही हेच म्हणावे लागेल. महिना एक हजार रुपयांच्या जादा प्रोत्साहन भत्त्यावर त्यांनी दारोदार जाऊन जे टिपले, त्यावरच आमचे रंगीत नकाशे उभे होते.

मुंबईविषयी मी बाहेरचा माणूस म्हणून लिहितो, तेव्हा चूक-भूल द्यावी-घ्यावी. १६ जून २०२० रोजी महाराष्ट्राच्या मृत्युसंख्येत आधी न मोजलेल्या १,३२८ मृत्यूंची एकदम भर पडली. त्यातील ८६२ मुंबईतले होते. विरोधी पक्षाने त्यावर आवाज उठवलाच होता, आणि त्या दिवशी राज्य सरकारची नाचक्की झाली असे अनेकांना वाटले. मला दूरवरून उलटे वाटले. जे सरकार तेराशेहून अधिक मृत्यू एका संध्याकाळी स्वतःच्या खात्यावर चढवू शकते, त्याच्या पुढच्या आकड्यावर विश्वास ठेवायला जागा राहते. महापालिका आयुक्त इक्बालसिंह चहल यांच्या काळात चाचण्यांचे अहवाल आधी महापालिकेकडे आणि तिथून २४ प्रभागांच्या वॉर रूमकडे जाऊ लागले. खाट कुणाला द्यायची, हे प्रभागातील डॉक्टर ठरवू लागले. १७ एप्रिल २०२१ च्या पहाटे सहा रुग्णालयांत प्राणवायू संपत आला, तेव्हा १६८ रुग्णांना रातोरात इतरत्र हलवण्यात आले आणि ते वाचले. साठा संपत आल्याचे कुणीतरी रात्री वेळेवर सांगितले, आणि ऐकणाऱ्याने ‘सकाळी पाहू’ म्हटले नाही, म्हणून हे शक्य झाले. सर्वोच्च न्यायालयाने मे महिन्यात केंद्राला मुंबईच्या प्राणवायू व्यवस्थापनाकडे पाहायला सांगितले, ते यानंतर.

नंदुरबारची गोष्ट याहूनही मला जवळची वाटते, कारण तो माझ्या पहिल्या उपविभागासारखाच आदिवासी, दुर्लक्षित जिल्हा आहे. पहिली लाट ओसरत असताना, इतरत्र तात्पुरती रुग्णालये उतरवली जात असताना, जिल्हाधिकारी डॉ. राजेंद्र भारूड यांनी तिथे प्राणवायू निर्मितीचे प्रकल्प बसवायला घेतले. ते स्वतः डॉक्टर. अमेरिका आणि ब्राझीलमधील दुसऱ्या लाटेच्या बातम्या त्यांनी आपल्या जिल्ह्याच्या बातम्या म्हणून वाचल्या. याच सुमारास, नोव्हेंबर २०२० मध्ये, संसदेच्या आरोग्यविषयक स्थायी समितीने प्राणवायूच्या पुरेशा उत्पादनाची व त्याच्या किमतीवर नियंत्रणाची शिफारस केली होती. केंद्राने मंजूर केलेल्या १६२ प्रकल्पांपैकी १८ एप्रिल २०२१ पर्यंत ३३ बसले होते. त्याच दिवसांत माझ्याकडे तो फोन आला.

दुसऱ्या लाटेनंतर हिशेब हळूहळू उघडू लागले. पाटणा उच्च न्यायालयाने विचारणा केल्यावर जून २०२१ मध्ये बिहारने एका दिवसात ३,९५१ मृत्यू वाढवले. साडेपाच हजारांच्या आतली संख्या नऊ हजारांच्या पुढे गेली. केरळचे साथनियंत्रण, विशेषतः २०१८ मधील निपाहच्या वेळचे, मी आजही तरुण अधिकाऱ्यांना शिकवण्याजोगे मानतो; पण त्या राज्यालाही २०२१ च्या उत्तरार्धात हजारो जुने मृत्यू यादीत घ्यावे लागले. म्हणजे हा एका पक्षाचा किंवा एका प्रदेशाचा दोष नव्हे. सहव्याधीचे कारण पुढे करून करोनाचा मृत्यू वगळू नये, असे मार्गदर्शन भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने मे २०२० मध्येच दिले होते. ते आम्ही सर्वांनी वाचले होते. परीक्षण समित्यांनी नेमके तेच केले, आणि त्यांना तसे कुणी लेखी सांगितले नव्हते. कमी आकड्याचे कौतुक होते आणि जास्त आकड्याची झाडाझडती होते, हे त्यांना सांगण्याची गरज नव्हती.

जागतिक आरोग्य संघटनेने मे २०२२ मध्ये भारतातील २०२० व २०२१ या वर्षांतले अतिरिक्त मृत्यू सुमारे ४७ लाख असल्याचा अंदाज मांडला. सरकारने त्या गणिती पद्धतीवर आक्षेप घेतला. अंदाजावर आक्षेप घेण्याचा अधिकार कुणालाही आहे. पण आपल्याच नागरी नोंदणी व्यवस्थेची २०२१ ची आकडेवारी मे २०२५ मध्ये प्रसिद्ध झाली, तिचे काय करायचे? २०१९ मध्ये नोंदलेले मृत्यू ७६.४ लाख, २०२० मध्ये ८१.२ लाख आणि २०२१ मध्ये १.०२ कोटी. नोंदणीचे प्रमाण वर्षागणिक सुधारते, लोकसंख्या वाढते, हे मान्य करूनही एका वर्षात सुमारे २१ लाखांची वाढ उरते. आणि त्या वर्षीचे अधिकृत करोनामृत्यू होते सुमारे ३.३ लाख. तो तक्ता प्रसिद्ध व्हायला चार वर्षे लागली.

इथे माझ्यातला इतिहासाचा विद्यार्थी पुन्हा डोके वर काढतो. १९१८ च्या इन्फ्लुएन्झाने हिंदुस्थानात ६० लाख माणसे मेली, असा सरकारचा पहिला हिशेब होता. तो हेतुपुरस्सर खोटा नव्हता. गावोगावचे नोंदी करणारे लोकच आजारी पडले होते, मेले होते. नोंदवह्या कोऱ्या राहिल्या. पुढे १९२१ ची जनगणना झाली आणि १९११ पेक्षा लोकसंख्या घटल्याचे दिसले. जनगणनेच्या इतिहासात असे एकच दशक आहे. त्या आकड्यांवरून पुढच्या अभ्यासकांनी बळींची संख्या एक कोटी वीस लाखांपासून एक कोटी ऐंशी लाखांपर्यंत नेली. परकीय, उदासीन राजवटीतही तीन वर्षांनी घरोघर जाऊन माणसे मोजली गेली आणि सत्य दिसले. आपली २०२१ ची जनगणना झालीच नाही. आता ती २०२७ मध्ये पूर्ण व्हायची आहे. तोवर कुटुंबे विखुरली असतील, आठवणी पुसट झाल्या असतील.

यावर उपाय फार गूढ नाहीत. जन्म-मृत्यू नोंदणी कायद्यात २०२३ मध्ये दुरुस्ती होऊन राष्ट्रीय पातळीवरील विदासंचाची तरतूद झाली आहे. त्यातून सर्व कारणांनी झालेल्या मृत्यूंची जिल्हावार संख्या दर आठवड्याला आपोआप प्रसिद्ध करता येईल. मग ती कुणाच्या परीक्षणाची, कुणाच्या सहीची वाट पाहणार नाही, आणि एखाद्या संध्याकाळी कुणा सचिवाला फोनवर उत्तरही द्यावे लागणार नाही. साथरोग कायद्याच्या जागी नवा कायदा करण्याची चर्चा अधूनमधून होते. तो होईल तेव्हा त्यात माहिती देण्याचे कर्तव्य आणि माहिती देणाऱ्या कर्मचाऱ्याचे संरक्षण, ही दोन कलमे अधिकारांच्या आधी यावीत. साथीच्या काळातल्या आकड्यांवरून अधिकाऱ्यांचे गोपनीय अहवाल लिहिणे थांबावे. यातले पहिले काम उद्या सुरू होऊ शकते. शेवटचे सर्वांत कठीण आहे, कारण ते कोणत्याही कायद्यात लिहिलेले नाही, त्यामुळे ते रद्दही करता येत नाही.

सर्वोच्च न्यायालयाच्या जून २०२१ मधील आदेशानंतर करोनाने दगावलेल्यांच्या कुटुंबांना ५० हजार रुपये सानुग्रह देण्याचे ठरले. मग काही राज्यांत मंजूर दाव्यांची संख्या अधिकृत मृत्युसंख्येच्या कैक पट निघाली. ज्या सरकारांनी ते मृत्यू मोजले नव्हते, त्यांनीच त्यांचे पैसे दिले. हा विरोधाभास मी दुरून वाचत होतो, तो २०२२ च्या हिवाळ्यात माझ्या दारात आला. त्याच जिल्ह्यातला एक तरुण, आमच्या जुन्या वाहनचालकाचा भाचा, अर्ज भरून घ्यायला माझ्याकडे आला. त्याचे वडील एप्रिल २०२१ मध्ये गेले होते. रुग्णालयाच्या कागदावर मृत्यूचे कारण लिहिले होते, ‘हृदय व श्वसनक्रिया बंद पडणे’. चाचणीचा अहवाल त्याच्याकडे नव्हता. छातीच्या स्कॅनचा होता, आणि औषधांच्या पावत्यांचे एक जाडजूड पाकीट होते. मी तारीख पाहिली. त्या फोननंतरचा सहावा दिवस.

दोन तास बसून आम्ही तक्रार निवारण समितीकडे करायचा अर्ज तयार केला. स्कॅनमधली कोणती ओळ अधोरेखित करायची, कोणत्या परिपत्रकाचा क्रमांक लिहायचा, हे मला चांगले ठाऊक होते; त्यातली काही परिपत्रके माझ्या सहीने निघाली होती. चार महिन्यांनी पैसे त्याच्या आईच्या खात्यावर जमा झाले. तो पेढे घेऊन आला, वाकून पाया पडला आणि म्हणाला, ‘‘काका, तुमच्यामुळे झाले.’’ मी त्याला बसायला सांगितले आणि आत चहा ठेवायला गेलो.